शेवटचा दिवस म्हणून सूट मागू नका

गेले काही दिवस आमच्या नाशिकच्या ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे, आणि तो इतका भरकटलाय की शेवटी सविस्तर लिहायलाच बसलो. झालं असं की ओळखीतले एक काका-काकू गॅलापॅगोस बेटांच्या क्रूझवर जाऊन आले. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांना नॉर्थ सेमूर बेटावर उतरवलं, तिथे पायवाटेपासून चार पावलांवर निळ्या पायांच्या बूबी पक्ष्याचं पिल्लू बसलेलं. फोटोसाठी जरा आत जाऊ द्या म्हटलं तर गाईड नाही म्हणाला, दहा मिनिटं जास्त थांबू द्या म्हटलं तर तेही नाही, आणि नातवासाठी म्हणून खिशात टाकलेला लाव्हाचा काळा खडासुद्धा बोटीत बसायच्या आधी परत ठेवायला लावला. काकांनी हे सगळं ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं की एवढे लाखो रुपये भरले, शेवटचा दिवस होता, या जन्मात परत जाणं होणार नाही, एवढी सूट द्यायला काय हरकत होती?

झालं, लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो पैसे मोजलेत तर तेवढा हक्क बनतोच, हे परदेशातले नियम म्हणजे उगाच कडक, आपल्याकडे माणूस आणि जनावर हजारो वर्षं एकत्र राहतात तर काही बिघडलं का? दुसरा तट म्हणतो असल्या क्रूझच बंद करा, श्रीमंतांचे चोचले आहेत, निसर्गप्रेमाच्या नावाखाली डिझेल जाळत फिरायचं. मला दोन्ही पटत नाही, कारण दोघंही पैशावरच भांडतायत, एकाला वाटतं पैशाने हक्क मिळतो आणि दुसऱ्याला वाटतं पैसेवाला आहे म्हणजे दोषी आहे. काकांनी जे मागितलं ते पैशाच्या जोरावर नव्हतं, "एकदाच तर आहे" ह्या कारणावर होतं, आणि त्यावर कुणी बोलायलाच तयार नाही. माझं मत सरळ आहे, गाईडने केलं ते शंभर टक्के बरोबर केलं, आणि आपल्या जिल्ह्यात अंजनेरीच्या पठारापासून शहरातल्या तपोवनापर्यंत आपण जे गमावतोय ते ह्याच "एकदाच तर आहे" पायी गमावतोय.

आधी तिथली व्यवस्था समजून घ्या. ही बेटं इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून साधारण 1000 किलोमीटर आत पॅसिफिकमध्ये आहेत, समुद्रतळातून वर आलेल्या ज्वालामुखींची, आणि त्यातले काही ज्वालामुखी अजून जिवंत आहेत, फर्नांदिना 2024 मध्येच फुटला होता. 1959 साली इक्वाडोरने वस्ती आणि शेतीची जागा सोडून बाकीची जवळपास 97 टक्के जमीन राष्ट्रीय उद्यान केली. जहाजाने कुठल्या दिवशी, कुठल्या बेटावर, सकाळी उतरायचं की दुपारी, हे उद्यान ठरवतं. गाईडला उद्यानाचं लायसन्स लागतं, त्याच्याबरोबर जास्तीत जास्त 16 माणसं, खुणेच्या खांबांमधूनच चालायचं, कुठल्याही प्राण्यापासून निदान दोन मीटर लांब राहायचं. म्हणजे दहा मिनिटं जास्त देणं गाईडच्या हातात नव्हतंच, एका पार्टीला उशीर झाला की मागच्या बोटी खोळंबतात आणि मग वाटेवर एकदम गर्दी होते. आणि हे गाईड काही गोरे साहेब नाहीत हो, बहुतेक इक्वाडोरचेच, त्यातले बरेच त्याच बेटांवर राहणारे, त्यांच्या मुलाबाळांचं पोट त्या पक्ष्यांवर आहे.

आता शेवटच्या दिवसाचं गणित बघा. मुख्य भूमीवरून येणारी विमानं बाल्ट्रा आणि सान क्रिस्तोबाल ह्या दोनच बेटांवर उतरतात. त्यामुळे दुपारचं विमान गाठायचं असलं की शेवटच्या सकाळी जहाज ह्यांच्याच आसपास असणार, आणि नॉर्थ सेमूर तर बाल्ट्राला अगदी लागून. सगळी जहाजं एकाच दिवशी निघत नाहीत, आज ह्याचा शेवटचा दिवस, उद्या त्याचा. म्हणजे काका तिथे आयुष्यातून एकदा गेले हे खरं, पण त्या बूबीच्या समोर "माझा शेवटचा दिवस आहे" म्हणणारं कुणी ना कुणी जवळपास रोजच उभं असतं. बेटाच्या बाजूने बघितलं तर "एकदाच" असं काही घडतच नाही. हे एवढं एक ज्याला समजलं त्याला नियमाचा राग येणार नाही.

पण पक्षी तर घाबरत नव्हता, असंही कुणीतरी लिहिलं. तो घाबरत नाही कारण तिथे जमिनीवर शिकार करणारे मोठे सस्तन प्राणी कधी पोचलेच नाहीत, त्यामुळे माणसाला बघून पळायचं हे त्याच्या रक्तातच नाही. न पळणं म्हणजे परवानगी नव्हे. बूबी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, भोवती विष्ठेचं पांढरं वर्तुळ असतं आणि तीच त्याच्या घराची हद्द. आईबाप थोडा वेळ जरी बाजूला झाले तर विषुववृत्तावरचं ऊन थेट पिल्लावर. फोटो काढणाऱ्याला ह्यातलं काहीच दिसत नाही, त्याला फक्त शांत बसलेला पक्षी दिसतो.

इतिहास काढला तर ह्या बेटांचं जे नुकसान झालं त्यातलं पुष्कळसं एकदाच थांबून पुढे जाणाऱ्या लोकांनी केलेलं आहे. 1820 साली अमेरिकेचं एसेक्स नावाचं व्हेल मारणारं जहाज इथे आलं, कासवं भरून घेतली, आणि खुल्या पॅसिफिकमध्ये निघायच्या आधी फ्लोरेआना बेटावर जहाजावरच्या एका माणसाने नुसती गंमत म्हणून झुडपांना आग लावली. कोरडा काळ होता, आग हाताबाहेर गेली, बेट जळत असताना जहाज निघून गेलं, महिन्याभरात एका व्हेलने धडक देऊन जहाज बुडवलं आणि त्या शोकांतिकेवर जगाने ढीगभर लिहिलं, पण जळलेल्या बेटाची आठवण किती जणांनी काढली? आणि कासवांचं म्हणाल तर महाकाय कासव अन्नपाण्याशिवाय महिनोन्महिने जिवंत राहतं म्हणून जहाजांच्या तळाशी ताजं मांस म्हणून ती उलटी रचून ठेवायचे. प्रत्येक कप्तानाला वाटायचं आपण असे किती नेतोय. अशा दोन शतकांतल्या जहाजांनी मिळून निदान लाखभर कासवं नेली असा अंदाज आहे, आणि फ्लोरेआनावरचं कासव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या बेटावरून संपलं.

बरं, माणसाने काही नेलंच नाही, उलट सोडलं तरी तेच. 1959 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी उद्यान झालं त्याच वर्षी, कोळ्यांनी पिंटा बेटावर तीन शेळ्या सोडल्या, एक बोकड आणि दोन माद्या, पुढच्या वेळी आलो तर मांस मिळेल म्हणून. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या तीस-चाळीस हजारांच्या घरात गेल्या होत्या. त्याच बेटावर 1971 मध्ये पिंटाच्या जातीचं शेवटचं उरलेलं कासव सापडलं, तो लोनसम जॉर्ज, आणि 24 जून 2012 ला तो गेला तेव्हा त्याच्याबरोबर ती जात गेली. शेळ्यांच्या आधी तिथली कासवं व्हेलवाल्यांनीच जवळपास संपवली होती हेही खरं, पण जो काही झाडोरा शिल्लक होता तो तीन शेळ्यांच्या वंशाने खाल्ला. मग कोण म्हणतं एका माणसाच्या एका छोट्या गोष्टीने काय फरक पडतो? खड्याचंही तेच. एक खडा नेल्याने बेट झिजत नाही हे मान्य, पण बॅगा तपासायची शिस्त एका खड्यासाठी ढिली केली की ती सगळ्यांसाठीच ढिली होते. मार्च 2021 मध्ये ह्याच बाल्ट्राच्या विमानतळावर एका सुटकेसमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कासवाची 185 पिल्लं सापडली. ती सापडली कारण तिथे बॅग तपासतात.

आता विरोधी बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मांडतो, कारण ग्रुपवर ते नीट कुणीच मांडलं नाही. सगळ्यात भारी मुद्दा नॉर्थ सेमूरवरच चालत असतो. तिथे जे पिवळसर रंगाचे, जमिनीवर राहणारे इग्वाना, म्हणजे मोठे सरडे, दिसतात ते मूळचे तिथले नाहीतच. 1930 च्या दशकात हॅनकॉक नावाच्या एका अमेरिकन धनिकाच्या मोहिमेतल्या लोकांना शेजारच्या बाल्ट्रावरचे इग्वाना उपाशी, खंगलेले वाटले, म्हणून त्यांनी 70 च्या आसपास इग्वाना उचलून नॉर्थ सेमूरवर नेऊन सोडले. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाल्ट्रावर अमेरिकेचा हवाई तळ झाला आणि 1950 च्या दशकापर्यंत बाल्ट्रावर एकही इग्वाना उरला नाही. वाचले ते हलवलेलेच. त्यांच्यापासून पैदास करून 1991 पासून बाल्ट्रावर परत सोडले, आणि जानेवारी 2019 मध्ये नॉर्थ सेमूरचे 1,436 इग्वाना सांतियागो बेटावर नेले, जिथे 1835 मध्ये डार्विनला त्यांच्या बिळांमुळे तंबू ठोकायला जागा मिळत नव्हती आणि जिथून ते नंतर साफ नाहीसे झाले होते. मग कुणी म्हणेल की बघा, माणसाने मध्ये हात घातला म्हणूनच जात वाचली. हे मला नाकारता येत नाही. पण त्यात दोन गोष्टी बघा, एक तर हलवणाऱ्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, त्यांना इग्वानाची भूक दिसली होती. आणि दुसरं, शेळ्या सोडणाऱ्या कोळ्यांचाही हेतू काही वाईट नव्हता. चांगल्या हेतूने एकदा जात वाचली आणि एकदा बेट उजाड झालं, तर हेतूवर विसंबून चालणार कसं? म्हणून 2019 चं काम उद्यानाने आधी अभ्यास करून, मोजून केलं. फोटोसाठी चार पावलं आत जाण्यात इग्वानाच्या भुकेसारखं कुठलं कारण होतं?

दुसरा वजनदार मुद्दा डिझेलचा. दोन मीटरचा नियम पाळायचा आणि त्यासाठी मुंबईहून अर्ध्या जगाला वळसा घालून विमानाने जायचं, वर जहाज, हे विसंगत आहे आणि ते मान्यच करायला पाहिजे. जानेवारी 2001 मध्ये जेसिका नावाचं टँकर जहाज सान क्रिस्तोबालजवळ खडकांवर चढलं, त्यातलं काही इंधन पर्यटक जहाजासाठीच चाललेलं होतं. बहुतेक तेल वाऱ्याने आणि प्रवाहाने समुद्रात लांब गेलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पण सांता फे बेटाच्या किनाऱ्याला जो थोडासा अंश लागला तेवढ्यावर पुढच्या वर्षभरात तिथले 62 टक्के समुद्री इग्वाना मेले. पण ह्यावरून क्रूझ बंद करा म्हणणारे एक विसरतात. पर्यटन थांबलं तर तिथे राहणारी जवळपास 30,000 माणसं खाणार काय? 1990 च्या दशकात समुद्री काकडीच्या (हा समुद्रातला एक प्राणी) मासेमारीवर बंधनं आली तेव्हा चिडलेल्या मच्छीमारांनी डार्विन संशोधन केंद्रच अडवलं होतं, कारण त्यांच्यासमोर दुसरा रस्ता ठेवला नव्हता. ऑगस्ट 2024 पासून परदेशी पर्यटकाची प्रवेश फी 100 डॉलरवरून 200 डॉलर केली, म्हणजे तेव्हाचे आपले सोळा-सतरा हजार, ती उद्यानाला आणि तिथल्या स्थानिक संस्थांना वाटली जाते. माझं म्हणणं, फी अजून वाढवा, जहाजं अजून कमी करा, वर्षाची संख्या बांधा, मी त्याच्या बाजूने आहे. पण आत गेलेल्याला सूट द्या की नको हा प्रश्न त्याने सुटत नाही. शंभर माणसं गेली तरी तो आहे आणि तीन लाख गेली तरी आहे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जवळचा वाटतो, की लांब ठेवलेल्या गोष्टीवर माणूस प्रेम कसं करणार, पोरांना हात लावू द्या, जवळ जाऊ द्या, त्यातूनच ओढ तयार होते. खरंय ते. पण नांदूरमधमेश्वरला या एकदा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं धरणाचं पाणी, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं, तिथे चापडगावच्या बाजूला मनोऱ्यावर चढून दुर्बिणीतून चमच्या आणि पिनटेल बदकांचे थवे बघणारी शाळेची पोरं बघा, आणि ती लांबूनच बघतात तरी तासभर हलत नाहीत. त्यांना ओढ लागते ती शेजारी उभा राहून सांगणाऱ्या स्थानिक गाईडमुळे, ज्याला कुठला पक्षी कधी येतो ते पाठ आहे. तिथेही शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत, बॅकवॉटरच्या वरच्या अंगाला सायखेडा-चांदोरीला पुराचं पाणी शिरतं तेव्हा त्यांनी पक्ष्यांचं कौतुक करावं ही अपेक्षा चुकीची आहे, पण ते भांडण धरणाचं आणि गाळाचं आहे, दुर्बिणीचं नाही.

आता कुणी म्हणेल ते बेट आहे, आपण नाशिकला, संबंध काय? संबंध पायाखाली आहे. आपला सह्याद्री म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, आणि शास्त्रज्ञ सांगतात की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण जागेवरून हा लाव्हा आला तिनेच पुढे समुद्रात मॉरिशस आणि रियुनियन घडवलं. त्या मॉरिशसमध्ये डच 1598 साली उतरले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला, खलाशांनी मारला त्यापेक्षा जास्त त्यांच्या जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी आणि डुकरांनी संपवला. अंजनेरीचं पठार हेही एक बेटच आहे, फक्त भोवती पाण्याऐवजी दरी आहे. कंदीलपुष्पाची एक जात अंजनेरीवर सापडली, 2006 साली तिला अंजनेरीचंच नाव मिळालं. जमिनीखाली कंद, पावसात कोवळा देठ वर येतो, फूल, मग शेंग, आणि शेंग पिकायच्या आत देठ तुडवला गेला तर त्या वर्षीचं बी गेलं. पावसाळ्यातल्या रविवारी वर किती माणसं असतात बघा, आणि प्रत्येकाला ढगात एक रील हवी असते, तीही वाट सोडून, एकदाच. भंडारदऱ्याला काजव्यांचं तेच, मे-जूनचे दोन-चार आठवडे, त्यात गाड्यांच्या हेडलाईट, अहो जो किडा अंधारात उजेड दाखवूनच जोडीदार शोधतो त्याच्यावर हेडलाईट मारायची म्हणजे काय?

नियम नेहमी शहाणेच असतात असं मी म्हणत नाही. कास पठारावर फुलं वाचवायला लोखंडी कुंपण घातलं आणि मग लक्षात आलं की गुरांचं चरणं थांबल्याने इतर गवत माजून फुलंच कमी होतायत, शेवटी ते काढावं लागलं. पण तिथली रोजच्या पर्यटकांची मर्यादा आणि बुकिंग राहिलं, आणि ते बरोबरच झालं. नियम चुकला तर सगळ्यांसाठी बदला, अभ्यास करून बदला, एकट्यादुकट्यासाठी त्या दिवसापुरता वाकवू नका.

आणि हे फक्त पर्यटकांचं नाही, आपलं शहर सध्या ह्याच युक्तिवादावर चाललंय. सिंहस्थ 12 वर्षांनी येतो, म्हणून साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला आणि लोक रस्त्यावर उतरले. साधूंना जागा हवी हे मला पूर्ण मान्य आहे, ही परंपरा महापालिकेपेक्षा कितीतरी जुनी आहे. पण सिंहस्थ एकदा येत नाही, दर 12 वर्षांनी येतच राहतो, आणि दर वेळी जर अशीच सूट घेतली तर तपोवनात 12 वर्षांपेक्षा मोठं झाड कधी उभंच राहणार नाही. दुसरीकडे दहापट रोपं लावू म्हणतात, पण वडाच्या सावलीला बसलेल्या माणसाला विचारा रोपाची सावली किती पडते. गोदावरीच्या पात्रात आधीच्या सिंहस्थाच्या सोयीसाठी काँक्रीट ओतलं, मग ते काढा म्हणून नाशिककरांना कोर्टात जावं लागलं. सोय काही महिन्यांची होती, काँक्रीट अजून आहे.

आता आपल्या ग्रुपवर अंजनेरीसाठी वनविभागाला निवेदन द्यायचं चाललंय त्याबद्दल. काही वर्षांपूर्वी गडावर वरपर्यंत गाडीरस्ता न्यायचा प्रस्ताव आला होता तेव्हा आपण सगळे विरोधात एकत्र होतो, मग आता रस्ता नाही तर निदान माणसांची शिस्त तरी मागूया. पायथ्याच्या गावांतल्या पोरांना ट्रेनिंग देऊन गाईड करा, पावसाळ्यात वर जायला गाईड सक्तीचा, त्याचे पैसे थेट त्यांना, दिवसाची संख्या ठरवा, वाटेला खुणा करा. मसुद्यात दोघा-तिघांनी हनुमान जयंतीला सगळ्यातून सूट असं कलम घातलंय, ते मला मान्य नाही, आणि बंदी घाला म्हणणाऱ्यांचंही मान्य नाही. हनुमान जयंती चैत्रात येते, तेव्हा कंदीलपुष्प जमिनीखाली कंदात झोपलेलं असतं, त्यामुळे वाटेने दर्शनाला जाणाऱ्या हजारो माणसांचा त्याला फारसा त्रास नाही, जाऊ द्या त्यांना, गाईडशिवाय जाऊ द्या. पण तेव्हाच कड्यांवरच्या गिधाडांची पिल्लं अजून घरट्यात असतात, म्हणून त्या दिवसांत ड्रोन नको आणि कड्याच्या बाजूला भोंगे नकोत, कुणाचेच. आणि श्रावणात उलट, आवाजापेक्षा पाय महत्त्वाचे, वाट सोडायची नाही. असं महिन्याप्रमाणे लिहून द्या, ते "सगळ्यातून सूट" वालं कलम काढा, मग मी सही करतो.